नको असलेले उत्तर

एका घराच्या राजांगणाची लांबी त्याच्या रुंदीपेक्षा ५ मीटरने जास्त आहे आणि क्षेत्रफळ ८४ चौरस मीटर आहे, तर रुंदी किती? असे उदाहरण शाळेत प्रत्येकाने कधी ना कधी सोडवलेले असते. मुले वर्गसमीकरण मांडतात, अवयव पाडतात आणि दोन उत्तरे हाती येतात, ७ आणि उणे १२. मग वहीत एक ठरलेले वाक्य उमटते: रुंदी ऋण असू शकत नाही, म्हणून हे मूळ अग्राह्य. फोंडा तालुक्यातील एका हायर सेकंडरीत मी पदार्थविज्ञान शिकवत आले आहे आणि हे वाक्य मीही फळ्यावर असंख्य वेळा लिहिले आहे. राजांगणापुरते ते बरोबरच आहे. तरीही त्या टाकून दिलेल्या उत्तराकडे क्षणभर थांबून पाहावे. त्यातले १२ म्हणजे त्याच राजांगणाची लांबी असते. चिन्ह उलटे करून समीकरण त्याच अंगणाची दुसरी बाजू आपल्यापुढे ठेवत असते. आपण तिच्याविषयी विचारलेले नसते, एवढेच. इंग्लिश भौतिकशास्त्रज्ञ पॉल डिरॅक यांच्याविषयी लिहायला बसले की मला हे उदाहरण आठवते, कारण विसाव्या शतकातल्या भौतिकशास्त्रातील सर्वांत धाडसी भाकितांपैकी एक अशाच नको असलेल्या उत्तरातून आले, आणि ते आले याचे कारण या माणसाला ते टाकून देणे जमले नाही.

डिरॅक यांचा जन्म ८ ऑगस्ट १९०२ रोजी इंग्लंडमधील ब्रिस्टल शहरात झाला. वडील चार्ल्स मूळचे स्वित्झर्लंडचे, फ्रेंचचे शिक्षक आणि घरातही शिक्षकच. जेवणाच्या टेबलावर धाकट्या पॉलने आपल्याशी फक्त फ्रेंचमध्ये बोलावे असा त्यांचा दंडक होता. आई आणि भावंडे बहुधा स्वयंपाकघरात जेवत. फ्रेंचमध्ये मनातले नीट सांगता येत नाही, म्हणून आपण गप्प राहू लागलो, असे डिरॅक यांनी पुढे सांगितले आहे. गोव्यातल्या वाचकाला या प्रसंगाकडे निराळ्या बाजूने पाहता येते. आमच्या आजोबांच्या पिढीत घरात कोकणी, पोथी-भजनात आणि पत्रव्यवहारात मराठी, कचेरीत पोर्तुगीज असा व्यवहार सर्रास होता, आणि त्यामुळे माणसे मुकी झाली नाहीत. उलट प्रत्येक भाषेला तिची जागा मिळाली. ब्रिस्टलच्या त्या घरात भाषा एक अधिक होती म्हणून काही बिघडले नाही. बिघडले ते ती शिस्तीचे हत्यार झाली म्हणून. थोरला भाऊ फेलिक्स याने १९२५ मध्ये आत्महत्या केली. डिरॅक यांच्या अबोलपणाला आज निरनिराळी वैद्यकीय नावे दिली जातात. मला तो मार्ग पटत नाही. गेलेल्या माणसाची नाडी पुस्तकातून पाहता येत नाही.

केंब्रिजमधील त्यांचे सहकारी तासाला एक शब्द या वेगाला गमतीने ‘एक डिरॅक’ म्हणत. व्याख्यानानंतर एका श्रोत्याने उठून, फळ्यावरचे अमुक समीकरण मला समजले नाही, असे म्हटले. बराच वेळ शांतता पसरली, आणि उत्तर का देत नाही असे विचारल्यावर डिरॅक म्हणाले की ते विधान होते, प्रश्न नव्हता. ही आठवण विक्षिप्तपणाचा नमुना म्हणून सांगितली जाते. मला ती त्यांच्या कामाची किल्ली वाटते. जे म्हटले आहे तेच ऐकायचे, आपल्या सोयीचा अर्थ त्यात भरायचा नाही, ही सवय माणसांशी वागताना जड जात असेल; समीकरणांशी वागताना तिच्याइतकी उपयोगी दुसरी सवय नाही.

१९२१ मध्ये ते ब्रिस्टल विद्यापीठातून विद्युत अभियंता झाले. महायुद्धानंतरच्या मंदीत नोकरी मिळेना, म्हणून तिथेच विनाशुल्क गणित शिकले आणि १९२३ मध्ये केंब्रिजला राल्फ फाउलर यांच्याकडे संशोधनासाठी गेले. १९२५ च्या उन्हाळ्याअखेर फाउलर यांनी त्यांना वेर्नर हायझेनबर्ग यांच्या नव्या लेखाची मुद्रिते वाचायला दिली. अणूच्या जगाचे नियम सांगणाऱ्या पुंजयामिकीची ती सुरुवात होती. त्या लेखात राशींचा गुणाकार क्रम बदलला की बदलत होता. खुद्द हायझेनबर्ग यांना ही गोष्ट अडचणीची वाटत होती. डिरॅक यांनी मात्र सगळ्या सिद्धांताचे मर्म तिथेच आहे हे ओळखले. ऑक्टोबरमधल्या एका रविवारी लांब फिरायला गेले असता, हा फरक जुन्या यामिकीतील प्वासाँ कंस नावाच्या गणिती मांडणीसारखा आहे असे त्यांच्या मनात चमकून गेले. पण प्वासाँ कंस नेमके कसे लिहितात ते आठवेना, घरातल्या पुस्तकांत सापडेना, आणि रविवार असल्याने ग्रंथालये बंद. रात्र तळमळत काढून सोमवारी दार उघडताच ते आत शिरले, आणि अंदाज खरा ठरला. त्या वेळी ते तेवीस वर्षांचे होते. आधी ज्याची अडचण वाटते तेच हातात धरून बसायचे, ही त्यांची रीत इथे प्रथम दिसते.

यानंतरच्या तीन-चार वर्षांत त्यांनी जे केले ते एकेका माणसाच्या आयुष्याला पुरले असते. १९२६ मध्ये पीएच.डी., त्याच वर्षी इलेक्ट्रॉनसारख्या कणांची सांख्यिकी, जिला आज एन्रिको फर्मी यांच्यासह त्यांचे नाव आहे. १९२७ मध्ये प्रकाशाच्या उत्सर्जनाचा पुंजसिद्धांत. १९२८ च्या आरंभी आले ते समीकरण. प्रश्न सरळ होता. पुंजयामिकी इलेक्ट्रॉनचे वर्तन सांगत होती, आइन्स्टाइन यांची विशिष्ट सापेक्षता वेगवान वस्तूंचे नियम सांगत होती, आणि वेगाने धावणाऱ्या इलेक्ट्रॉनवर दोघींचा एकाच वेळी अधिकार होता. सापेक्षतेत ऊर्जेचा वर्ग मिळतो. डिरॅक यांना वर्गाऐवजी थेट ऊर्जेचे, पहिल्या घातातले समीकरण हवे होते. साध्या संख्यांनी ते होत नाही. चार ओळी आणि चार स्तंभांच्या मॅट्रिक्स वापरल्या तर होते. ते तसे लिहिल्यावर इलेक्ट्रॉनचा स्पिन, म्हणजे स्वतःभोवती फिरण्यासारखा त्याचा अंगभूत गुण, आणि त्याचे चुंबकत्व आपोआप बाहेर पडले. तोपर्यंत प्रयोग सांगतात म्हणून या गोष्टी सिद्धांताला वरून जोडाव्या लागत होत्या. मी गोवा विद्यापीठात शिकत असताना ताळगावच्या पठारावरील ग्रंथालयात ही मांडणी प्रथम ओळीओळीने सोडवली, आणि स्पिन आपण कुठे घातलाच नव्हता हे ध्यानात आले तेव्हा पुन्हा पहिल्या पानापासून सुरुवात केली.

पण वर्ग मोडून मूळ काढले की चिन्हे दोन येतात. समीकरणाला धन ऊर्जेची जितकी उत्तरे होती तितकीच ऋण ऊर्जेचीही होती. स्वस्थ बसलेल्या मुक्त कणाची ऊर्जा शून्याहून कमी, याला काही अर्थ लागत नव्हता. जुन्या भौतिकशास्त्रात ही उत्तरे टाकून देता येत होती आणि ते न्याय्यही होते, कारण धन आणि ऋण ऊर्जांच्या मध्ये एक रुंद रिकामा पट्टा असतो आणि जुन्या नियमांप्रमाणे ऊर्जा सलगपणेच बदलत असल्याने कण तो ओलांडू शकत नाही. पुंजयामिकीत मात्र कण एका पातळीवरून दुसरीवर थेट उडी घेतो, आणि समीकरण ही उडी मान्य करते. म्हणजे ऋण उत्तरे कागदावरून पुसली तरी इलेक्ट्रॉन तिकडे जाणारच. राजांगणाच्या उदाहरणात आणि इथे फरक पडतो तो हाच: तिथे टाकलेले उत्तर पुन्हा आडवे येत नाही, इथे ते येत राहते. डिरॅक यांच्या समकालीनांना हे दिसत नव्हते असे नाही. हायझेनबर्ग यांनी वैतागून हे आधुनिक भौतिकशास्त्रातील सर्वांत दुःखद प्रकरण असल्याचे लिहिले होते.

डिरॅक यांचा तोडगा ऐकताना आजही अंगावर येतो. ऋण ऊर्जेच्या सगळ्या जागा आधीच भरलेल्या आहेत असे समजा, म्हणजे एका जागी एकच इलेक्ट्रॉन राहू शकतो या पाउली यांच्या नियमानुसार तिथे आणखी इलेक्ट्रॉन जाऊ शकणार नाही. आपण ज्याला पोकळी म्हणतो तो हाच काठोकाठ भरलेला, आणि म्हणूनच न जाणवणारा समुद्र. त्यातला एखादा इलेक्ट्रॉन बाहेर काढला तर मागे जी रिकामी जागा राहील ती धनभारित कणासारखी वागेल. १९३० मध्ये त्यांनी ही जागा म्हणजे प्रोटॉन असावा असे सुचवले, कारण त्या काळी दोनच मूलकण माहीत होते आणि तिसरा कल्पिण्याची कोणाची तयारी नव्हती. पण प्रोटॉन इलेक्ट्रॉनच्या सुमारे १८३६ पट जड आहे. हेर्मान वाइल यांनी दाखवले की समीकरणाच्या सममितीनुसार त्या कणाचे वस्तुमान इलेक्ट्रॉनइतकेच असले पाहिजे. रॉबर्ट ओपेनहायमर यांनी निदर्शनास आणले की तसा प्रोटॉन असता तर अणू निमिषार्धात नष्ट झाले असते. तेव्हा १९३१ च्या लेखात डिरॅक यांनी स्पष्ट लिहिले की हा प्रयोगाला अजून अज्ञात असलेला नवा कण आहे, प्रति-इलेक्ट्रॉन. यालाच पुढे पॉझिट्रॉन म्हणू लागले, आणि अशा उलट भाराच्या कणांच्या द्रव्याला प्रतिद्रव्य.

२ ऑगस्ट १९३२ रोजी कॅलिफोर्नियात कार्ल अँडरसन यांनी विश्वकिरणांचे छायाचित्र घेतले. कणांचे मार्ग धुक्याच्या रेषांनी दाखवणाऱ्या क्लाउड चेंबरच्या मधोमध शिशाचा पत्रा होता. त्यातून पार होताना कणाची ऊर्जा घटली, मार्ग अधिक वळला, आणि त्यावरून कण कोणत्या बाजूने आला हे निश्चित कळले; वळण धनभाराचे, वस्तुमान मात्र इलेक्ट्रॉनच्या जवळपासचे. अँडरसन डिरॅक यांचे भाकीत पडताळायला बसले नव्हते, ते आपल्या वाटेने तिथे पोहोचले. १९३३ मध्ये केंब्रिजमध्येच पॅट्रिक ब्लॅकेट आणि ज्युसेप्पे ओक्यालिनी यांनी असे कण इलेक्ट्रॉनबरोबर जोडीने जन्मतात हे दाखवून भाकीत आणि छायाचित्र यांची सांगड घातली. त्याच वर्षी एर्विन श्रोडिंगर यांच्यासह डिरॅक यांना नोबेल जाहीर झाले. प्रसिद्धी नको म्हणून ते नाकारण्याच्या विचारात होते, पण नाकारल्याने अधिकच गाजावाजा होईल असे अर्नेस्ट रदरफर्ड यांनी समजावल्यावर आईला घेऊन ते स्टॉकहोमला गेले. आदल्याच वर्षी, ज्या अध्यासनावर कधीकाळी न्यूटन होते त्या ल्यूकेशियन अध्यासनावर त्यांची नेमणूक झालेली होती.

डिरॅक यांचे नाव निघाले की सौंदर्याची गोष्ट निघतेच. समीकरण प्रयोगाशी जुळण्यापेक्षा ते सुंदर असणे अधिक महत्त्वाचे, असे त्यांनी १९६३ मध्ये लिहिले, आणि हे वाक्य तेव्हापासून अवतरणांच्या पेढीवर खेळते आहे. मला वाटते, हे त्यांचे सर्वांत प्रसिद्ध मत असले तरी त्यांच्या यशाचे खरे कारण नव्हे. १९२८ चे समीकरण सुंदर होते यात शंका नाही. परंतु त्याचे सौंदर्य सगळ्यांनाच दिसत होते. ऋण उत्तरांचा सासुरवास मात्र इतरांना टाळायचा होता आणि डिरॅक यांनी तीन वर्षे तो सोसला. केवळ सौंदर्यावर भरवसा ठेवलेल्या त्यांच्या इतर कल्पनांचे काय झाले हेही पाहावे. १९३१ च्या त्याच लेखातला एकध्रुवी चुंबक गणिताच्या दृष्टीने अप्रतिम आहे, आणि तो आजवर कोणालाही सापडलेला नाही. गुरुत्वाकर्षणाचा स्थिरांक काळाबरोबर घटत असावा ही १९३७ ची कल्पना मोजमापांना उतरली नाही.

आणि मग अनंताचा प्रश्न. इलेक्ट्रॉन आणि प्रकाश यांच्या सिद्धांतात हिशेब अचूक करायला जावे तो उत्तर अनंत येऊ लागले. १९४७-४८ च्या सुमारास ज्युलियन श्विंगर, रिचर्ड फाइनमन, शिन-इचिरो तोमोनागा आणि फ्रीमन डायसन यांनी हे अनंत पद्धतशीरपणे बाजूला काढण्याची रीत घडवली. तिच्यामुळे डिरॅक समीकरणाने दिलेल्या इलेक्ट्रॉनच्या चुंबकत्वात हजारात सुमारे एक भागाची दुरुस्ती मिळाली, आणि आज सिद्धांत आणि प्रयोग इथे दहा-बारा अंकांपर्यंत जुळतात. डिरॅक यांनी ही रीत अखेरपर्यंत मान्य केली नाही. राशी लहान असेल तर तिच्याकडे दुर्लक्ष करणे हे शहाणे गणित झाले, पण ती अनंत मोठी आहे आणि आपल्याला नको आहे म्हणून दुर्लक्ष करणे हे गणित नव्हे, असे ते म्हणत. याच भूमिकेमुळे ते उत्तरायुष्यात आपल्या क्षेत्राच्या मुख्य प्रवाहातून बाजूला पडले, आणि थोर माणूस म्हातारपणी हटवादी होतो तसे हे झाले असे सांगून विषय मिटवला जातो. मला यात वेगळा माणूस दिसत नाही. १९३१ मध्ये नको असलेली ऋण ऊर्जा ज्याने टाकली नाही, तोच १९५० नंतर नको असलेला अनंत टाकायला नकार देत होता. एकदा या हट्टाने प्रतिद्रव्य दिले, दुसऱ्यांदा एकटेपण दिले. पुढे १९७० च्या दशकात केनेथ विल्सन यांच्या कामानंतर त्या रीतीमागचा भौतिक अर्थ पुष्कळ स्पष्ट झाला, त्यामुळे त्यांची तक्रार जशीच्या तशी उभी राहत नाही हे खरे. पण १९४८ मध्ये ती तक्रार करणे रास्त होते, असे माझे मत आहे.

भारतात डिरॅक यांचा प्रभाव प्रथम माणसांमधून आला. अभियांत्रिकी शिकायला केंब्रिजला गेलेले होमी भाभा तिथे त्यांच्याकडे गणित-भौतिकशास्त्र शिकले, आणि इलेक्ट्रॉनवर पॉझिट्रॉन आदळल्यास काय होते याचा डिरॅक सिद्धांतावरून केलेला त्यांचा १९३६ चा हिशेब ‘भाभा विकिरण’ म्हणून जगभरच्या कणत्वरकांत वापरात आहे. सुब्रह्मण्यन चंद्रशेखर डिरॅक यांच्या सल्ल्यावरून कोपनहेगनला गेले. मला सर्वांत जवळची वाटते ती हरीश-चंद्र यांची कथा: अलाहाबाद विद्यापीठाच्या ग्रंथालयात डिरॅक यांचे १९३० मध्ये प्रथम प्रकाशित झालेले पुंजयामिकीवरील पुस्तक या विद्यार्थ्याच्या हाती पडले, त्याने भौतिकशास्त्रज्ञ व्हायचे ठरवले, १९४५ मध्ये तो केंब्रिजला त्यांचाच विद्यार्थी झाला, आणि पुढे गणिताकडे वळून विसाव्या शतकातील श्रेष्ठ गणितज्ञांत गणला गेला.

अमेरिकेचा व्हिसा नाकारला गेल्यावर १९५४ च्या उत्तरार्धात डिरॅक स्वतः मुंबईला टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आले. त्या काळी याच संस्थेत गणिताचे प्राध्यापक होते दामोदर धर्मानंद कोसंबी, १९०७ मध्ये गोव्यातील कोसबेन येथे जन्मलेले, ज्यांचे वडील धर्मानंद आमच्या सांखवाळचे. तेव्हा गोवा पोर्तुगीजांच्या ताब्यात होता. १९५४ मध्ये दादरा व नगर हवेली मुक्त झाले होते, सरहद्दीवर तणाव वाढत होता, आणि पुढल्या ऑगस्टमध्ये सत्याग्रहींवर गोळ्या झाडल्या जाणार होत्या. मुंबईत त्या हिवाळ्यात जगातला श्रेष्ठ सैद्धांतिक भौतिकशास्त्रज्ञ व्याख्याने देत होता आणि गोव्यातल्या मुलाला विज्ञानाची पदवी घ्यायची तर आपला मुलूख सोडून जावे लागत होते. आज फर्मागुडीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातली मुले संकेतांच्या अभ्यासात ‘डिरॅक डेल्टा’ रोज लिहितात. क्षणात बसणाऱ्या आघाताचे हे फलन शिस्तशीर गणितज्ञांना आरंभी मान्य नव्हते, आणि अभियंत्याच्या शिक्षणामुळेच ते आपल्याला सुचू शकले असे डिरॅक मानत.

पॉझिट्रॉन तर आता प्रयोगशाळेतून घराघरांत आला आहे. कर्करोगाच्या निदानासाठी मुंबईच्या वाऱ्या केलेल्या गोव्यातल्या अनेक कुटुंबांना ‘पेट स्कॅन’ हा शब्द परिचयाचा आहे. माझ्या मामांच्या आजारपणात आम्हालाही तो झाला. रुग्णाला साखरेसारखे एक द्रव्य टोचतात, त्यात फ्लोरिन-१८ असते, त्याचे अर्धायुष्य सुमारे ११० मिनिटे. जिथे पेशी अधाशीपणे साखर घेतात तिथे ते साठते आणि त्यातून पॉझिट्रॉन बाहेर पडतात. प्रत्येक पॉझिट्रॉन जवळच्या इलेक्ट्रॉनला भेटून दोघेही नाहीसे होतात, आणि ५११ किलो-इलेक्ट्रॉनव्होल्टचे दोन गॅमा फोटॉन एकमेकांच्या विरुद्ध दिशांना निघतात. यंत्र ही जोडी एकाच वेळी टिपते आणि त्या रेषांवरून गाठीची जागा ठरवते. ५११ हा आकडा म्हणजे इलेक्ट्रॉनचे वस्तुमान ऊर्जेच्या मापात. वाइल यांनी आग्रह धरलेली वस्तुमानांची समानता रुग्णालयातले यंत्र रोज मोजत असते. मामांचा अहवाल पाहायला बसलेल्या घरच्यांना मी हे सांगितले नाही, ती वेळ नव्हती. पण मला स्वतःला त्या दिवसांत याचा आधार वाटला. निसर्गालाही हे काही अपरिचित नाही. मयडेच्या केळ्यात पोटॅशियमचा जो किंचित किरणोत्सारी अंश असतो त्यातूनही दीड-दोन तासांत साधारण एखादा पॉझिट्रॉन सुटतो.

डिरॅक १९६९ मध्ये केंब्रिजमधून निवृत्त झाले, फ्लोरिडाला गेले आणि २० ऑक्टोबर १९८४ रोजी तिथेच निवर्तले. १९९५ मध्ये लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत त्यांच्या स्मृतीची शिळा बसवली गेली, तिच्यावर त्यांचे समीकरण कोरले आहे.

नोबेल व्याख्यानाच्या शेवटी त्यांनी एक शक्यता मांडली होती. धन आणि ऋण भार निसर्गाला सारखेच असतील, तर आपल्या पृथ्वीवर ऋण इलेक्ट्रॉन आणि धन प्रोटॉन अधिक असणे हा योगायोग मानावा लागेल, आणि काही तारे नेमके उलट घडणीचेही असतील. तसे तारे अद्याप आढळलेले नाहीत. विश्वाच्या आरंभी द्रव्य आणि प्रतिद्रव्य जवळपास समसमान होते, आणि अब्जात साधारण एक एवढ्या द्रव्याच्या वाढाव्यातून आजचे सगळे विश्व उरले, असे निरीक्षणांवरून दिसते. हा वाढावा आला कुठून? आंद्रेई साखारोव्ह यांनी १९६७ मध्ये त्यासाठी लागणाऱ्या अटी मांडल्या. २०२३ मध्ये जिनिव्हाजवळच्या सर्न या प्रयोगशाळेतील प्रयोगात प्रति-हायड्रोजनही गुरुत्वाकर्षणाने खालीच पडतो हे दिसले, आणि २०२५ मध्ये तिथल्याच एलएचसीबी प्रयोगाने प्रोटॉनच्या कुळातल्या एका जड कणाच्या विघटनात द्रव्य आणि प्रतिद्रव्य यांच्या वर्तनातला फरक प्रथमच नोंदवला. सध्याच्या सिद्धांतातून निघणारा असा फरक मात्र त्या वाढाव्याचा हिशेब जुळवायला फारच तोकडा पडतो.